साहेबांना तसं म्हणायचं नव्हतं

३ जानेवारी

शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोजनिशी बंद होती. लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. सकाळी गारखेड्यात एक फेरी, मग वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेन, दुपारी झोप. आज मात्र लिहायलाच हवं. आरोग्य राज्यमंत्री नानासाहेब यांचा प्रसिद्धी सल्लागार म्हणून माझी, हेमचंद्र लासूरकराची, नेमणूक झाली.

त्याचं असं झालं. संस्कार पक्षाच्या मेळाव्याची निमंत्रणपत्रिका घरी आली, तीत ‘आरोग्य’ला ‘आरोज्ञ’ छापलं होतं. मी तडक कार्यालयात फोन लावला. पलीकडे साहेबांचे स्वीय सहायक बद्रीनाथ होते. माझं सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “सर, येवढं कळतंय तर तुमीच या की मग.” गेलो. साहेबांनी “या मास्तर” म्हणून शेजारची खुर्ची दिली. या पक्षाला मी पहिल्यापासून मत देत आलो. पक्षाला माझी गरज आहे हे मात्र पक्षाला आज कळलं.

शैला नुकतीच ड्युटीवरून आली होती. हर्सूलच्या पलीकडे एक छोटं सरकारी प्रसूतिगृह आहे, तिथली ती मुख्य सिस्टर. पाय बादलीत सोडून बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे तुम्ही नेमकं करणार काय?”

“साहेबांचे विचार लोकांपर्यंत शुद्ध स्वरूपात पोचवणार.”

“शुद्ध म्हणजे? उकळून?”

मी दुर्लक्ष केलं. शैला विरोधी पक्षाला मत देते. लग्न झाल्यापासून दर निवडणुकीला आम्ही बरोबर जातो आणि एकमेकांचं मत खोडून बरोबर परत येतो.

९ जानेवारी

पहिली परीक्षा. काल एका सत्कारात साहेब बोलले, “दवाखाने वाढले तसे आजार वाढले. आमच्या गावात दवाखाना नव्हता, तर कोणी आजारीही नव्हतं.” आज सगळ्या वर्तमानपत्रांत तेच. एकानं तर व्यंगचित्र काढलं, त्यात साहेब दवाखान्याला कुलूप लावताहेत आणि पेशंट टुणकन उठून बसताहेत. पत्रकारांना दुसरे धंदे नाहीत.

मी खुलासा लिहिला. ‘माननीय मंत्रिमहोदयांच्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला असून, आरोग्यसुविधांच्या विस्तारामुळे व्याधींच्या नोंदीकरणात झालेल्या वृद्धीकडे निर्देश करणे एवढाच त्यांचा आशय होता.’

बद्रीनाथांनी वाचून पाहिला. “लई भारी झालंय सर. मला काईच कळलं नाय.”

म्हणजे जमला. त्यांनी चहा मागवला आणि आपली मुलगी आशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, मार्चमधली तारीख आहे, असं सांगितलं. हर्सूललाच राहतात. “आपल्या सिस्टरबाईंकडंच नाव घातलंय,” म्हणाले. माणूस साधा आहे.

रात्री जेवताना शैला म्हणाली, “त्यांच्या गावात आजारी कोणी नव्हतं ते खरं आहे. आजारी पडलेले टिकतच नव्हते.”

दवाखान्यात राहून राहून शैलाचा विनोद जरा काळवंडला आहे.

१८ जानेवारी

साहेब म्हणाले, साखरेचा आजार हा आळशी माणसाचा आजार. खुलासा दिला. साहेबांना स्वतःला साखर आहे हे मला दुपारी त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. दुसरा खुलासा तयार ठेवला आहे.

२ फेब्रुवारी

आज विश्रामगृहावर बैठक झाली. साहेबांची नवी योजना, ‘स्वावलंबी माता’. लहान सरकारी प्रसूतिगृहांवर विनाकारण खर्च होतो, ती बंद करून त्या जागी बायकांना परंपरेचं शिक्षण द्यायचं. ओव्या, घरगुती काढे, गर्भवतीनं काय ऐकावं, काय पाहू नये. खाटा काढून सतरंज्या घालायच्या, पेटी-तबला आणायचा. साहेब म्हणाले, “आता याला नाव द्या मास्तर.” मी क्षणात म्हणालो, “मातृसंस्कार भवन.” टाळ्या पडल्या. साहेबांनी स्वतःच्या ताटलीतला पेढा मला दिला आणि एक स्वतः घेतला. मग आणखी एक.

बैठक संपताना कळलं की पहिलं भवन हर्सूलच्या पलीकडे होणार आहे.

घरी सांगायला थोडा वेळ घेतला. आधी नाव सांगितलं. ‘मातृ’ आणि ‘संस्कार’ यांचा समास कोणता, तेही सांगितलं.

“खाटा किती ठेवणार?” शैलानं विचारलं.

“खाटा नाहीत. सतरंज्या.”

“आणि कळा सुरू झालेल्या बाया?”

“त्यांनी मोठ्या दवाखान्यात जायचं. शहर केवढं वाढलंय, रस्ते झालेत.”

“सावंगीच्या बाजूच्या वस्त्यांवरून बायका आमच्यापर्यंत पोचतात तेव्हाच अर्ध्या बाळंत झालेल्या असतात. पुढं शहर ओलांडून कुठं नेणार?” मग तिनं फक्त एवढंच विचारलं, “आणि मी?”

ते मी विचारायचं विसरलो होतो. फोन करून विचारलं. तिला मोठ्या दवाखान्यात औषधांच्या कोठीत घेणार आहेत. बसून काम. एवढी वर्षं उभ्यानं काढल्यावर हे बरंच म्हणायचं. तसं मी म्हणालो. ती उठून ताटं वाढायला लागली, म्हणजे पटलं असावं. भाजीत मीठ मुळीच नव्हतं.

१४ फेब्रुवारी

कालपासून फोन थांबलेला नाही. साहेब एका वाहिनीला बाईट देताना म्हणाले, “आमच्या आया शेताच्या बांधावर बाळंत व्हायच्या आणि पोरगं पाटीत ठेवून तासाभरात परत खुरपायला बसायच्या. मीसुद्धा बांधावरच जन्मलो. आताच्या बायकांना एसी लागतो.”

मुंबईपासून नांदेडपर्यंत ओरडा झाला. आज सकाळी कार्यालयासमोर बायका आल्या. घोषणा नाहीत, काही नाही. एकेक बाई आली, पायरीवर एकेक खुरपं ठेवलं आणि निघून गेली. सोबत एक पाटी होती, ‘साहेब, तासाभरात या.’ खुरप्यांचा एवढा ढीग झाला की मला आत जायला मागच्या दारानं जावं लागलं, तरी एक खुरपं चपलेत अडकून पँट फाटली.

खुलासा लिहिताना आज खरा कस लागला. शेवटी सुचलं. साहेबांच्या बोलण्यातला ‘बांध’ हा शेताचा नसून तो ‘बांधिलकी’चा आहे, आपल्या आया बांधिलकीच्या वातावरणात बाळंत होत, असा तो भाव. साहेब खूश झाले. म्हणाले, “मास्तर, मला हे सुचलंच नसतं.” त्यांचा मोठेपणा.

शैलाला वाचून दाखवला. ती हसायला लागली, ती थांबेचना, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. तिला माझा खुलासा पहिल्यांदाच एवढा आवडला.

हल्ली ती संध्याकाळी भजनी मंडळात जाते. हर्सूलला. एवढ्या लांब कशाला, असं विचारलं तर म्हणाली तिथल्या बायकांचा सूर चांगला लागतो. देवाधर्मात मन रमतंय हे उत्तम. पूर्वी मूर्तीसमोर उदबत्तीसुद्धा लावत नसे.

२२ फेब्रुवारी

साहेबांना सकाळी पोटात कळ आली. मूतखडा. विश्रामगृहाच्या पलंगावर ते आडवे होऊन “आई गं, मेलो गं” असं ओरडत होते. मी काढ्याचा विषय काढला, कारण गेल्याच आठवड्यात मूतखड्यावर कुळथाचा काढा पुरतो असं त्यांच्या नावानं मीच लिहून दिलं होतं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती वेदनेमुळे असणार.

चिकलठाण्याला विमान तयार होतं. मुंबईत पंचतारांकित इस्पितळात खोली ठरली होती. मी त्यांची बॅग धरून विमानतळापर्यंत गेलो. परत येताना बद्रीनाथ गाडीत माझ्या शेजारी होते. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “सर, बांधावर नेलं आसतं तर लवकर पोचलो आसतो.”

थट्टेची वेळ नव्हती ही. पण त्यांचा चेहराही थट्टेचा नव्हता.

प्रसिद्धीपत्रक दिलं, ‘आरोग्य राज्यमंत्री मुंबईतील आरोग्यव्यवस्थेच्या अभ्यासदौऱ्यावर.’

२ मार्च

आठ मार्चला महिला दिन. त्याच दिवशी भवनाचं लोकार्पण, आणि व्यासपीठावर साहेबांच्या मातोश्री भागूबाई यांचा ‘आदर्श माता’ म्हणून सत्कार. त्याआधी मातोश्रींवर पुस्तिका निघायची आहे. नाव ठरलं, ‘बांधावरचा सूर्य’. आज मी त्यांच्या गावी मुलाखतीला जाऊन आलो. शैला म्हणाली, मीही येते, तिकडं हुरडा-हरभरा काही मिळेल. सुट्टीच्या दिवशी तिनं माझ्याबरोबर यावं असं बऱ्याच वर्षांत घडलं नव्हतं.

भागूबाई एकट्याच राहतात. ऐंशीच्या पुढच्या. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा परकरात होत्या म्हणतात. साहेबांचा बंगला शहरात आहे, पण तिथं जिने फार आणि माणसं फार म्हणून त्या येत नाहीत. ओट्यावर बसून तूर पाखडत होत्या. मी कागद काढून विचारलं, “आई, साहेबांचा जन्म कोणत्या शेताच्या बांधावर झाला? फोटो घ्यायचा आहे.”

“कुणी सांगितलं बांधावर झाला?”

“साहेबांनीच.”

“त्याला काय ठावं? त्यो काय बघत व्हता व्हय?” सूप बाजूला ठेवलं. “मास्तर, ह्यो नाना पायाळू. आधी पाय आला. सुईण म्हनली, आता माझ्यानं व्हत नाय. मंग ह्याच्या बापानं गाडी जुंपली. फुलंबरीपस्तोर बैलगाडी, तिथून खटारा मोटार, तवा कुठं औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात. तिथं डॉक्टरीणबाई व्हती एक, बारीकशी. तिनं काढला त्याला. निळा पडला व्हता. उलटा धरून फटके दिले तवा रडला.”

“पण बांधावर कोणीतरी…”

“बांधावर झाले की. ह्याच्या आधीचे दोन. बांधावर झाले ते गेले, दवाखान्यात झाला त्यो ऱ्हायला.”

असं म्हणून त्यांनी पुन्हा सूप हातात घेतलं.

मला वाईट वाटलं. वयोमानानं स्मरण कसं दगा देतं! एवढी महत्त्वाची गोष्ट, स्वतःच्या मुलाचा जन्म, आणि नेमकी उलटी आठवावी. पुस्तिकेत साहेबांचीच आवृत्ती घेईन. ती अधिक अधिकृत.

मी गावातल्या देवळाचा फोटो काढायला गेलो, तोवर शैला आणि भागूबाई ओट्यावर बसून बोलत होत्या. परत आलो तरी चाललंच होतं. शैलाचा हात त्यांच्या हातात होता. मला पाहून दोघी थांबल्या. लोणच्याबद्दल असणार.

८ मार्च

रात्र बरीच झाली. तरी लिहितो.

मंडप झकास होता. पाटीवर माझे शब्द, ‘मातृसंस्कार भवन’, एकही चूक नाही. आत खाटांच्या जागी सतरंज्या, भिंतीला तक्के, कोपऱ्यात चार हार्मोनियम. जिथं शैलाचं टेबल होतं तिथं साहेबांचा मोठा फोटो. मूतखडा निघाल्यापासून साहेब ताजेतवाने दिसत होते. समोर बायका खूप. पक्षाने इतक्या आणल्या नव्हत्या असं बद्रीनाथ म्हणाले, पण गर्दी दिसली की साहेबांना हुरूप येतो. वाहिन्यांचे कॅमेरेही चार-पाच. कोणी बोलावले कळलं नाही, मी तर दोनच बोलावले होते.

साहेबांनी आईच्या पायावर डोकं ठेवलं. फोटो झाले. शाल, श्रीफळ. मग निवेदिका म्हणाली, “आता आदर्श माता दोन शब्द बोलतील.” हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. पत्रिका मी लिहिली होती, मला माहीत. पण समोरच्या बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि माईक भागूबाईंच्या हातात गेला.

त्यांनी माईक हनुवटीला लावला आणि मागे वळून दारातून आत बघितलं.

“नाना, खाटा कुठं हायती?”

लोक हसले. साहेबही हसले. “आई, आता खाटा नाही लागत—”

“तुला लागली व्हती की!” मग समोर वळून, “ह्यो पायाळू बरं का बायांनो. सरकारी दवाखान्यात झाला. डॉक्टरीणबाईनं पाय धरून वडला. आन् आता म्हनतो बांधावर झालो! बांधावर माझी दोन लेकरं गेली. त्यांचं नाव बी ठिवलं नव्हतं मी.” आवाज जरा बसला. मग हार्मोनियमकडे बोट करून म्हणाल्या, “अडलेल्या बाईफुडं काय ही पेटी वाजवनार का रं तुमी?”

मंडपात असा गोंधळ झाला की राष्ट्रगीत राहून गेलं. साहेब माईक घ्यायला गेले तर भागूबाई देईनात. शेवटी बद्रीनाथांनी वायर काढली. ती काढायला त्यांना फार वेळ लागला, एरवी हुशार माणूस.

शैला शेवटच्या रांगेत होती. मी तिला म्हणालो, “बघ, म्हातारपण किती वाईट.” ती म्हणाली, “हो. खरं बोलायचं धाडस येतं.”

९ मार्च

साहेबांनी बोलावलं. मोबाइलवर तीच चित्रफीत परत परत बघत होते, आवाज बंद करून. म्हणाले, “मास्तर, खुलासा.”

“कोणाच्या वतीनं?”

“आईच्या. तिला आठवत नाही म्हणून टाका. वय झालं, भ्रम होतो, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत.”

“उपचार चालू आहेत का, साहेब?”

“चालू करू.”

मी लिहिलं. मलाही तसं वाटतच होतं. मग काय हरकत? ‘वार्धक्यजन्य स्मृतिभ्रंश’ हा शब्द वापरला. शब्द निर्दोष आहे. तरी लिहून झाल्यावर पेनाचं टोपण बराच वेळ सापडेना, आणि ते माझ्या दुसऱ्या हातातच होतं.

१५ मार्च

साहेबांची साठी! क्रांती चौकापासून भव्य मिरवणूक. उघड्या जीपमध्ये साहेब, जेसीबीनं फुलं उधळली, पुढे ढोल, त्यापुढे बद्रीनाथ भोंगा घेऊन रस्ता मोकळा करत होते. दुसऱ्या जीपमध्ये मी. उन्हानं डोकं तापलं पण उत्साह मोठा. गेल्या आठवड्यातला प्रकार लोक विसरले असावेत.

एक गोष्ट मात्र खटकली. मागे एक रिक्षावाला सारखा हॉर्न वाजवत होता. साहेबांना केक भरवण्याच्या वेळीसुद्धा. आतून एक बाई डोकं बाहेर काढून ओरडत होती. मी उतरून पोलिसाला सांगितलं, त्याला जरा गप्प करा. लोकांना सार्वजनिक शिस्त अशी राहिलीच नाही. पोलिसानं रिक्षा बाजूच्या गल्लीत घालायला लावली. मग शांतता झाली.

१६ मार्च

रिक्षात आशा होती. बद्रीनाथांची मुलगी.

हर्सूलचं बंद, म्हणून मोठ्या दवाखान्याकडे निघाले होते. ओरडत होती ती बद्रीनाथांची बायको. त्या गल्लीतून पुढे रस्ता निघत नव्हता. मूल रिक्षातच झालं. आशाला रक्त फार गेलं. बाटल्या चढवल्या, आता बरी आहे म्हणतात. मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय.

बद्रीनाथ पुढे भोंग्यावर ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा’ म्हणत होते, त्याच वेळी.

हे मला शैलानं सांगितलं. औषधांच्या कोठीतून धावत वर जाऊन तीच रात्रभर तिथं थांबली होती. पोलिसाला मी काय सांगितलं ते मी तिला बोललो नाही. इथं लिहिलंय, तेवढं पुरे.

१८ मार्च

दुपारी बेल वाजली. दारात भागूबाई. मागे बद्रीनाथ, तीन दिवसांची दाढी. एसटीनं आणलं होतं त्यांनी, साहेबांच्या गाडीनं नाही.

म्हातारीनं चपला बाहेर काढल्या, आत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“मास्तर, मी येडी हाय म्हून कुनी लिवलं?”

मी म्हणालो, “आई, वेडी नाही, स्मृतिभ्रंश. त्याचा अर्थ—”

“अर्थ मला शाळंतल्या पोरीनं वाचून दावला. माझं पोट फाटलं त्ये मी इसरंन व्हय? डोकं इसरंल, अंग इसरत नाय.”

मी बद्रीनाथांकडे पाहिलं. ते माझ्याकडे न बघता बोलले, “सर, तुमची भाषा लई चांगली हाय. म्हून आनलं यांला तुमच्याकडं. आता ह्यांचा खुलासा लिवा.”

शैलानं टेबलावर कागद ठेवला. पेनही. म्हातारी खाली बसल्या आणि सांगायला लागल्या. मी दोनदा वाक्य सुधारायला गेलो. दोन्ही वेळा शैला म्हणाली, “अहो, एक अक्षर बदलायचं नाही.” तसाच उतरवून ठेवतो.

‘मी भागूबाई. माझं डोकं ठिकान्यावर हाय. नानाला तसं म्हनायचं नव्हतं आसं रोज पेपरात येतं, ते खोटं हाय. त्याला तसंच म्हनायचं व्हतं. मी त्याची माय हाय, मला कळतं. पर त्यो म्हनतो ते बी खोटं हाय. त्यो दवाखान्यात झाला म्हून आज मंत्री हाय. बद्रीनाथाच्या नातीला रिक्षात जलम घ्यावा लागला, नानाच्या मिरवनुकीमागं. नाना, खाटा परत आन. तवर मी हर्सूलला त्या सतरंजीवर बसते. माझ्यासंगं आजून बाया हायती.’

खाली अंगठा. बद्रीनाथांनी विचारलं, “सर, धाडायचं का तुमच्या मेलवरनं? तुमचं नाव बघितलं की छापत्यात.”

मी कागद पुन्हा एकदा वाचला. मला वाटलं, पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो की वाक्यात कर्ता असावा, कर्म असावं, क्रियापद असावं. या म्हातारीच्या एकेका वाक्यात सगळं होतं. माझ्या तीन महिन्यांच्या खुलाशांत कर्ता कुठं सापडेना.

पाठवलं.

१९ मार्च

सगळीकडे छापून आलं. साहेबांचा फोन आला. “मास्तर, तिला समजत नाही, तुम्हाला तरी समजायला पाहिजे होतं.”

“साहेब, मला आत्ताच कुठं समजायला लागलंय,” असं उत्तर मला फोन ठेवल्यावर सुचलं. फोनवर मी नुसतं “हो साहेब” म्हणालो. नोकरी गेली.

२६ मार्च

भागूबाई सतरंजीवर बसल्या आहेत. सोबत रोज शे-दीडशे बायका. पाळ्या लावून बसतात, जेवण ठरलेलं, पाणी ठरलेलं, कॅमेऱ्यापुढे कोणी बोलायचं तेही ठरलेलं. हे सगळं एवढ्या झटपट कसं उभं राहिलं, कोणी उभं केलं, मला नवल वाटतं. शैलाला विचारलं. ती मटकी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “भजनी मंडळातल्या बायका असतील.”

असतील. त्यांचा सूर चांगला लागतो, हे ती मागेच म्हणाली होती.

३१ मार्च

साहेब आईला घरी चल म्हणायला आले. कॅमेरे होतेच. म्हातारीनं सतरंजीवर हात आपटून त्यांना शेजारी बसवलं. म्हणे, “बस. पाय दुखत्याल. मला बी दुखत्यात.” साहेब अर्धा तास बसले. सतरंजीवर मांडी घालून त्यांना जमत नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. बायका ओव्या म्हणत होत्या. ओव्यांत साहेबांचं नाव घातलेलं होतं.

उठताना जाहीर केलं की खाटा परत येतील, आणि त्या परत आणायचा आपला विचार पहिल्यापासूनच होता.

नव्या सल्लागाराचं पत्रक आलं, त्यात ‘प्रसूती’तला ‘सू’ ऱ्हस्व होता. मी लाल पेन शोधला नाही.

२२ एप्रिल

खाटा आल्या. सगळ्या नाही, अर्ध्याच. डॉक्टर अजून आले नाहीत. आज येतो, उद्या येतो चाललंय. हार्मोनियम न्यायला कोणी आलंच नाही, त्या अजून कोपऱ्यात आहेत, त्यांच्यावर लहान मुलांची दुपटी वाळत घालतात. साहेबांना बढती मिळाली. आता ते कॅबिनेटमध्ये आहेत, शिक्षण बघतात. काल म्हणाले की पूर्वी पुस्तकं नव्हती तरी लोक शहाणे होते. आजच्या पेपरात खुलासा आहे. मी तो पूर्ण वाचला आणि घडी घालून रद्दीत ठेवला.

शैलाची बदली रद्द झाली. दुपारी तिचा डबा घेऊन मी हर्सूलला गेलो. दोन बस बदलल्या, ऊन रखरखीत. पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आतून एका बाईचं ओरडणं आणि त्यावर शैलाचा आवाज येत होता. घरी ती कधी एवढ्या मोठ्यानं बोलत नाही. “थांबू नको, थांबू नको, आलं, बघ आलं!”

मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत एक बारीकसं रडणं.

शेजारी एक म्हातारा बसला होता, खेड्यातला, गुडघ्यावर टोपी. तो उठून उभा राहिला, काय करावं सुचेना, तेव्हा परत खाली बसला. मग खिशातून कागदात गुंडाळलेली साखर काढून माझ्या तळहातावर ठेवली.

“नातू का नात, अजून सांगितलं नाय,” तो म्हणाला. “आन् तुमी कुणाकडचे?”

दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मी खूप काही सांगितलं असतं.

“मी,” म्हणालो, “सिस्टरांचा.”